वटारची मोटार आणि माझ्या ओट्यावरचा दिवा

या सदरातले अनुभव मी गेली चार वर्षं न चुकता वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतेय. "पांढरी साडी दिसली" म्हटलं की खाली "चष्म्याचा नंबर तपासा" असं लिहिणाऱ्यांत मी पहिली. मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवी-नववीला सेल, वायर, बल्ब, स्विच हे शिकवण्यात बावीस वर्षं गेली. सर्किट पूर्ण असेल तर दिवा लागतो, तुटलं तर विझतो. यात भुताखेतांना जागा कुठे आहे?

तर आता माझ्यावर हसायची पाळी तुमची. काही हरकत नाही. पण आधी पूर्ण वाचा.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा संजय. मुलगी बंगळुरूला नोकरीला. बिल्डिंग नवी, पण तिथे कुणी कुणाला ओळखत नाही. सगळे पहाटे निघतात, रात्री येतात, दार लावून घेतात. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंच्या खिडकीतली फोडणी आमच्या घरात येते, पण काकूंचं नाव मला सहा महिने माहीत नव्हतं.

स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक साधा पिवळा एलईडी बल्ब आहे. राहायला आल्यावर आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की सकाळी सव्वासातच्या सुमाराला, पोळ्या चालू असताना, हा बल्ब दोनदा चटकन मंद होतो. मग थोडा वेळ काही नाही. मग तिसऱ्यांदा जरा जास्त वेळ मंद होतो आणि पुन्हा नीट लागतो. झालं. मग दिवसभर काही नाही.

लूज कनेक्शन, दुसरं काय असणार! नाक्यावरचे इलेक्ट्रिशियन यादवजी आले. होल्डर बदलला. दुसऱ्या दिवशी सव्वासात... टक्, टक्, टऽऽक्. बल्ब बदलला. तेच. ओट्यापासून बोर्डापर्यंतची वायर बदलली. तेच! शेवटी यादवजी हात जोडून म्हणाले, "मॅडम, होल्डर बदल दिया, वायर बदल दिया, अब बस घर बदलना बाकी है."

बरं, घरातले बाकीचे दिवे अगदी व्यवस्थित. फ्रिज व्यवस्थित. शेजाऱ्यांकडेही चौकशी केली. कुणाकडेच काही नाही. फक्त आमचा तो एक बल्ब.

आता शिक्षिकेला असं काही दिसलं की ती काय करणार? मी वही केली. तारीख, वेळ, किती वेळा. संजयने तिला "बल्बची जन्मपत्रिका" असं नाव दिलं. पण महिन्याभरात त्या पत्रिकेत चक्क पॅटर्न दिसायला लागला. सोमवार ते शनिवार वेळ सातच्या पुढे, साडेसातच्या आत. रविवारी आठनंतर. आणि शुक्रवारी... शुक्रवारी काहीच नाही. एकाही शुक्रवारी नाही.

"शुक्रवारी त्याचा उपास असेल," संजय म्हणाला.

आमच्या कोपऱ्यावर एक भाजीवाल्या मावशी बसतात. विमलमावशी. पासष्टीच्या, काटक, नाकात चमकी. वटारहून येतात. वटार म्हणजे रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेला, आगाशीच्याही पुढे. तिकडे अजून केळीच्या वाड्या आहेत, विहिरी आहेत, चाफा आहे. मावशींची स्वतःची वाडी आहे. वेलची केळी, अळू, वाल, दुधी, जे निघेल ते टोपलीत घेऊन नऊ-साडेनऊपर्यंत आमच्या कोपऱ्यावर. मला सुट्टी असली की मी त्यांच्याकडूनच भाजी घ्यायची. तेवढीच ओळख.

जूनमधला एक शनिवार. मावशी उशिरा आल्या. मी सहज विचारलं, "आज उशीर झाला?"

"पाण्याच्या मोटारीनं छळलं बाई. रोज दोनदा बटण दाबलं की फट् करून बंद पडते, तिसऱ्यांदा धरते. आज बारा वेळा दाबलं तेव्हा लागली."

मी दुधी हातात घेऊन तशीच उभी. कारण त्या दिवशी सकाळी बल्ब बारा वेळा मंद झाला होता! मी मोजलं होतं. वहीत लिहिलंही होतं.

"मावशी, रोज किती वाजता लावता मोटार?"

"सात, सव्वासात. शिंपणं झालं की मग निघते."

"आणि रविवारी?"

"रविवारी बाजार नसतो ना. आठ वाजतात आरामात."

"आणि... शुक्रवारी?"

"शुक्रवारी तिकडे सकाळपासून दुरुस्तीला लाईट बंद ठेवतात. मग बटण कशाला दाबायचं? त्या दिवशी बादलीनं घालते पाणी थोडं थोडं. का गं? तुझी पण वाडी आहे का?"

पहिल्यांदाच त्या मला "अगं-तुगं" करत होत्या आणि माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी दुधी खाली ठेवला आणि त्यांचा मोबाइल नंबर मागितला.

दुसऱ्या दिवशी रविवार. आठ वाजता मी आणि संजय ओट्यापाशी, फोन स्पीकरवर. पलीकडे मावशी त्यांच्या मोटारीच्या खोलीत. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की एक गंमत करायची आहे.

"दाबू?" मावशी.

"दाबा."

बल्ब मंद झाला. संजयच्या हातातला चहाचा कप तसाच तोंडापाशी राहिला.

"योगायोग आहे," तो म्हणाला. "परत सांग."

"मावशी, आता माझ्याकडून खूण येईपर्यंत थांबा..." पाच मिनिटं आम्ही बल्बकडे बघत बसलो. काही नाही. "आता चार वेळा दाबा. थांबून थांबून."

एक. दोन. तीन. चार.

संजयने कप ओट्यावर ठेवला, खुर्ची ओढली आणि बसला. मग म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे वेलची केळी आहेत का?" त्याला दुसरं काही सुचलंच नाही. मावशी तिकडून हसून हसून बेजार!

मला मात्र हसू येईना. वटारपासून आमच्या घरापर्यंत सहज आठ-नऊ किलोमीटर. मध्ये रेल्वे. एवढ्या लांबच्या मोटारीने माझ्या एकाच बल्बला काय म्हणून त्रास द्यावा?

सायली नावाची माझी एक जुनी विद्यार्थिनी आता वीज कंपनीत इंजिनीअर आहे. तिला घरी बोलावलं. ती लॅपटॉपवर नकाशा घेऊन आली. विजेचं जाळं असं उलगडून मी पहिल्यांदाच बघत होते. कुठून मोठी लाईन येते, कुठे सबस्टेशन, तिथून फाटे, फाट्यांना ट्रान्सफॉर्मर, ट्रान्सफॉर्मरवरून गल्ल्या, गल्लीतून घरं. बघता बघता मला वाटून गेलं की आपण कुणाचे शेजारी हे या रेघांवरच ठरतं. एका ट्रान्सफॉर्मरवरची माणसं एकदम अंधारात बसतात आणि एकदम "आलीऽऽ" म्हणून ओरडतात. पलीकडच्या गल्लीला पत्ताही नसतो.

सायलीने एक बोट मनवेलपाड्यावर ठेवलं, एक वटारवर. "मॅडम, हे वेगळं सबस्टेशन, ते वेगळं. लाईन वेगळी. कागदावर तुम्ही दोघी एकमेकींना कुठेच भेटत नाही. पार वर जाऊन एका ठिकाणी भेटता, पण तिथे तर सगळेच भेटतात. त्यांच्या मोटारीने तुमचा बल्ब मंद झाला, तर अख्ख्या वसई-विरारमधले दिवे लुकलुकायला हवेत."

मग तिने मीटर लावला. मावशींना फोन केला. बल्ब मंद झाला. मीटरवरचा आकडा... हललाच नाही. दोनशे तेहेतीस. बल्ब मंद, आणि व्होल्टेज ठणठणीत. सायलीने मीटर उलटा करून पाहिला, बॅटरी काढून घातली, पुन्हा पाहिलं. मग शाळेत असताना बघायची तशी माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, हे कसं?"

बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी एका विद्यार्थिनीला सांगितलं, "मला माहीत नाही."

हळूहळू आम्हाला त्याची सवय झाली. सकाळी बल्ब मंद झाला की मी म्हणायचे, "मावशी उठल्या." कधी सातचे साडेसात झाले की संजय पेपरमधून मान वर करून विचारायचा, "आज अजून नाही?" पावसाळ्यात शिंपणं नसलं तरी घरची टाकी भरायला मोटार रोज लागायचीच. मावशींनाही मजा वाटायला लागली होती. मोटार लागल्यावर मुद्दाम एकदा जास्तीचं बटण दाबायच्या. "तुझ्यासाठी," म्हणायच्या. ऑगस्टमध्ये त्यांनी आम्हाला वाडीवर जेवायला बोलावलं. केळीच्या गर्दीतून वाट, मध्ये एक गोड्या पाण्याचं तळं (त्याला तिकडे बावखल म्हणतात), तळ्यापलीकडे अगदी टोकाला मोटारीची खोली, पत्र्याच्या दाराची. खोली कसली, खोकंच. मावशी एकट्याच राहतात. नवरा वारला, मुलगी पुण्याला. शेजारी फ्रान्सिसभाऊंची वाडी. मावशी आणि फ्रान्सिसभाऊ एकमेकांशी त्यांच्या गावच्या बोलीत बोलायचे. आम्हाला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. पण थट्टा आमचीच चालली आहे हे मात्र कळत होतं.

आणि मग तो दिवाळीच्या सुट्टीतला मंगळवार.

सकाळी सव्वासातला बल्ब नेहमीसारखा मंद झाला. मी म्हटलं, उठल्या मावशी. दहा वाजून गेल्यावर मी चकल्या तळायला घेतल्या, आणि बल्ब पुन्हा मंद झाला. दोनदा. मग तीनदा. थांबला. पुन्हा दोनदा. या वेळेला कधीच होत नव्हतं. आणि थांबेचना!

मावशींना फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. वर बल्ब चालूच... मंद, लख्ख, मंद, लख्ख.

"मोटार धरत नसेल," संजय म्हणाला.

"दहा मिनिटं कुणी बटण दाबत बसतं का? आणि फोन का नाही उचलत?"

का कोण जाणे, मला वाटलं, ही मोटारीशी झटापट नाहीये. हे कुणीतरी दार वाजवतंय. गॅस बंद केला आणि पिठाचे हात पुसत पायात चपला सरकवल्या. संजयला म्हटलं, "तू इथेच थांब. बल्ब बघत राहा आणि फोनवर मला सांगत राहा."

कोपऱ्यावरची मावशींची जागा रिकामीच होती. रिक्षा मिळाली. उड्डाणपुलावरून पश्चिमेला, आगाशीच्या रस्त्याला. कानाला फोन. तिकडून संजयची कॉमेंटरी चालू. "आता दोन झाले... थांबला... परत तीन... आता बराच वेळ नाही... हां, झाला!" रिक्षावाले काका आरशातून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "ताई, स्कोअर काय झाला?"

वटारला पोचायला पाऊण तास लागला. वाडीच्या फाटकापाशी फ्रान्सिसभाऊ भेटले.

"विमल? ती बाजाराला गेली असेल की."

"नाही गेल्या. आज आमच्या कोपऱ्यावर आल्याच नाहीत. मोटारीच्या खोलीत आहेत त्या."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चला तर आधी," मी म्हटलं.

आम्ही बावखलाला वळसा घालून टोकाला गेलो, आणि मी जागच्या जागी थबकले. कुंपणावरच्या चिंचेची एक मोठी फांदी मोडून मोटारीच्या खोलीच्या दारावर आडवी पडली होती. दार बाहेर उघडणारं. आतून कुणी कितीही ढकललं तरी हलणार नाही. आणि त्या फांदीने खांबावरून खोलीत जाणारी विजेची तारही तोडली होती. एक टोक वर खांबाला लोंबत होतं, दुसरं खाली चिखलात.

"तारेला हात लावू नका!" मी ओरडले.

"घाबरू नका, लाईन वरूनच बंद आहे," फ्रान्सिसभाऊ म्हणाले. "साडेनवाला लाईट गेली. मी रस्त्यावरून बघितलं, फांदी तारेवर पडलेली. मीच फोन करून बंद करायला लावली. अख्ख्या गल्लीला तेव्हापासून लाईट नाही. पण ही आत असेल असं कोणाला वाटणार!"

माझ्या कानाला फोन होता. तेवढ्यात खोलीच्या आतून आवाज आला. खट्.

"झाला," फोनमध्ये संजय म्हणाला.

खट्. खट्.

"दोन झाले. मंद आहे बघ अजून... ऐकतेयस ना?"

समोर तुटलेली तार चिखलात पडलेली, अख्ख्या गल्लीत वीज नाही, आत कुणीतरी बटण दाबतंय, आणि नऊ किलोमीटरवर माझ्या ओट्यावरचा दिवा मंद होतोय. भर दिवसाचं लख्ख ऊन होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. तो आत्ता लिहितानाही येतोय.

फ्रान्सिसभाऊ धावत जाऊन कोयता आणि आणखी दोघांना घेऊन आले. फांदी तोडून बाजूला केली, दार उघडलं. मावशी ओल्या जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक पाय घोट्यापाशी सुजून टम्म. एक हात वर करून स्टार्टरच्या हिरव्या बटणावर. मला बघितलं आणि म्हणाल्या, "आलीस? केवढा वेळ गं!"

मी तिथेच मटकन बसले आणि रडायलाच लागले. त्या मलाच थोपटत होत्या.

मग कळलं ते असं. नवीन लावलेल्या केळींना पाणी हवं म्हणून त्या दिवशी त्या बाजाराला निघाल्याच नाहीत. साडेनऊला पुन्हा मोटारीच्या खोलीत आल्या, तेवढ्यात धाडकन फांदी पडली. दचकल्या, पाय घसरला. मोबाइल घरात. ओरडून ओरडून घसा बसला, पण तिथून रस्त्यापर्यंत आवाज जात नाही. उठता येईना.

"मग मला तुझी आठवण झाली. म्हटलं, ही घरी असेल, सुट्टी आहे. बघेल वर."

"पण मावशी, लाईट नव्हती ना! मोटार लागत नव्हती. मग दाबत कशाला राहिलात?"

"मोटारीसाठी कुठे दाबत होते? तुझ्यासाठी दाबत होते."

घोटा मोडला होता. प्लास्टर. पुण्याची मुलगी धावत आली, आठ दिवस राहिली, पण तिचं बाळ लहान. मग आम्ही मावशींना सरळ आमच्या घरी घेऊन आलो. तीन आठवडे त्या आमच्या हॉलमध्ये पलंगावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. दार उघडं ठेवायला लावायच्या. "बंद दाराआड जीव घुसमटतो," म्हणायच्या. उघड्या दारातून एकेक जण डोकावायला लागला. समोरच्या काकूंचं नाव मंगल हे मला तेव्हा कळलं. तेही मावशींकडून! मजल्यावरच्या सगळ्यांना माझा बल्ब माहीत झाला. लोक चहा प्यायला म्हणून यायचे आणि वर बघत बसायचे.

पण एक सांगायला हवं. त्या तीन आठवड्यांत वाडीची मोटार रोज सकाळी फ्रान्सिसभाऊ लावत होते. तीच मोटार, तोच स्टार्टर, नवीन जोडलेली तार. आमचा बल्ब एकदाही मंद झाला नाही. मी रोज बघत होते. एकदाही नाही.

सायलीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे आपण इतके दिवस चुकीचा नकाशा बघत होतो." पण बरोबर नकाशा कुठला, ते तिलाही सांगता आलं नाही.

डिसेंबरमध्ये मावशी काठी टेकत वाडीवर परतल्या. एका रविवारी मी मुद्दाम तिकडे गेले. संजयला घरी ओट्यापाशी उभं केलं, फोन चालू. मोटारीच्या खोलीत जाऊन हिरवं बटण मी स्वतः दाबलं. मोटार लागली.

"काही नाही," संजय.

बंद करून पुन्हा दाबलं. "काही नाही." मग मावशींनी काठी भिंतीला टेकवली आणि पदराला हात पुसून बटण दाबलं.

"झाला!" तिकडून संजय जवळजवळ ओरडलाच.

मी म्हटलं, "मावशी, खरं सांगा. बटण दाबताना तुम्ही मनात काय म्हणता? मंत्र वगैरे?"

त्यांनी मला वेड्यात काढलं. "मंत्र कसला! लाग बाय एकदाची, म्हणते."

मी घरी येऊन आमच्या बोर्डासमोर तेच म्हणून पाहिलं. तीनदा. मोठ्यांदा. संजय हसून लोळायचा बाकी होता.

मंडळी, माझ्याकडे या गोष्टीचं स्पष्टीकरण नाही. मीटरने दिलं नाही, नकाशाने दिलं नाही, आणि मावशींना तर ते हवंही नाही. तुमच्यापैकी कुणी या विषयातलं असेल तर जरूर लिहा, चष्म्याचा नंबर मी तपासून घेतला आहे. एवढंच सांगते की आता सव्वासात होत आले आहेत, तव्यावर पोळी आहे, आणि आमच्या घरात, चहाला आलेल्या शेजाऱ्यांसकट, सगळे वर बघतायत.